सौजन्य कोणाशी? : ब्रँच रिकीच्या चारित्र्याचा हिशेब

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते बहुतांशी साहित्य आणि राजकारण यांच्या वाटेने आले. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉय यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या काळ्यांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच तिकडून आले. कविता आल्या, आत्मकथने आली. खेळाचे मैदान मात्र आपण वाचायचे सोडून दिले. मैदान म्हणजे करमणूक, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी. मलाही ती होती. एका विद्यार्थ्याने ती घालवली.

वर्गात जॅकी रॉबिन्सनचा विषय निघाला होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सच्या संघातून तो मैदानात उतरला आणि विसाव्या शतकातल्या अमेरिकन बेसबॉलच्या वरिष्ठ स्पर्धेतली वर्णरेषा मोडली. त्याला आणणारा कारभारी ब्रँच रिकी. २०१३ साली निघालेला '४२' हा चित्रपट मुलांनी पाहिला होता; त्यामुळे रिकी त्यांना देवमाणूस वाटत होता. बीड जिल्ह्यातला एक मुलगा उठला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. तो म्हणाला, "सर, रॉबिन्सन आधी दुसऱ्या संघाकडे होता ना? मग रिकीने त्या मालकाची उचल फेडली का?"

प्रश्न ऐकून बाकीची मुले हसली. पण इतका नेमका प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. एका मुकादमाची उचल घेतलेला कोयता दुसऱ्या मुकादमाला हवा असेल, तर उचल फेडूनच न्यावा लागतो. मुकादमांच्या आपापसातल्या सौजन्याची ही रीत आहे. आता हे सौजन्य कोणाशी आहे? मुकादमाशी आहे, कोयत्याशी नाही. कोयत्याला कोणी विचारीत नाही.

अमेरिकन बेसबॉलमध्ये अगदी हीच रीत होती. गोऱ्यांच्या संघांतील करारपत्रांत एक राखीव कलम असे. कराराची मुदत संपली तरी खेळाडू त्याच मालकाकडे राखून ठेवलेला राही. मालकाने विकला तर विकला, सोडला तर सोडला. पण दुसऱ्या मालकाने त्याच्याशी परस्पर बोलणे हा धंद्यातला मोठा असभ्यपणा मानला जाई. हे कलम मोडायला कर्ट फ्लड नावाचा काळा खेळाडू १९७० साली न्यायालयात गेला. मी कोणाची मालमत्ता नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो हरला. शेवटी १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या एका निकालाने हे कलम निकामी झाले. म्हणजे ज्या सौजन्याचे गोडवे गायले जात, त्याच्या तळाशी वेठ होती.

दुसरे एक सौजन्य याहून जुने होते. काळ्या खेळाडूला घ्यायचे नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलीडोच्या संघातून खेळला होता. त्यानंतर दार हळूहळू लोटले गेले आणि साठ वर्षे लोटलेलेच राहिले. त्या समजुतीला नाव होते 'सभ्य गृहस्थांचा करार'. नाव पाहा! बेसबॉलचे सर्वाधिकारी न्यायमूर्ती लँडिस यांनी १९४२ साली जाहीरपणे सांगितले की काळ्यांना मज्जाव करणारा कोणताही नियम नाही, लेखी नाही आणि अलिखितही नाही. आपल्या गावात पाणवठ्यावर पाटी असते का? नसते. तरी कोणी कुठे भरायचे, हे लहान पोरालाही ठाऊक असते.

दार बंद होते म्हणून काळ्यांनी स्वतःचे मैदान उभे केले. १९२० साली कॅन्सस सिटीत रूब फॉस्टरने निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. संघ, पंच, बस, वार्ताहर, खानावळी असा एक अख्खा व्यवहार काळ्या वस्त्यांत उभा राहिला. काही मालकांचा पैसा आकड्यांच्या धंद्यातला, म्हणजे आपल्या मटक्यासारख्या धंद्यातला होता, हे खरे. काळ्या माणसाला बँक दारात उभी करीत नसे, तेव्हा भांडवल येणार कुठून?

आता रिकीकडे येऊ. १८८१ साली ओहायोत जन्म, कट्टर मेथडिस्ट. आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी मैदानात पाऊल न टाकणारा. कायद्याचा पदवीधर. सेंट लुईसच्या संघात असताना छोट्या गावांतले संघ ताब्यात घेऊन त्यांतून खेळाडू पिकवण्याची पद्धत त्याने बसवली आणि त्या पिकाच्या विक्रीवर स्वतःलाही वाटा मिळवला. पैशाच्या बाबतीत इतका चिकट की न्यूयॉर्कच्या एका वार्ताहराने त्यावरून त्याला टोपणनाव दिले होते. १९४२ च्या अखेरीस तो ब्रुकलिनला आला.

१९४५ च्या मे महिन्यात रिकीने एक घोषणा केली : काळ्यांची युनायटेड स्टेट्स लीग नावाची नवी स्पर्धा निघत आहे आणि तीत 'ब्राउन डॉजर्स' हा आपला संघ असेल. या आडोशाने त्याची माणसे काळ्या खेळाडूंची पाहणी करीत हिंडली. त्याच वेळी, निग्रो लीग ही खरी संघटनाच नाही, तिथे आकडेवाल्यांचे राज्य आहे, असे तो बोलत होता. आणि नव्या लीगमध्ये त्याचा साथीदार कोण? पिट्सबर्गचा गस ग्रीनली, आकड्यांच्या धंद्यातला नामांकित असामी. २८ ऑगस्टला रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या कचेरीत बोलावले, तेव्हा बोलावणे ब्राउन डॉजर्ससाठी आहे अशीच त्याची समजूत होती. रिकीने तिथे त्याला खरा बेत सांगितला आणि शिव्या, थुंकी, मारहाण सोसूनही उलटून हात उचलायचा नाही, असे वचन घेतले. महिना ६०० डॉलर आणि सहीबद्दल ३,५०० डॉलर ठरले. २३ ऑक्टोबरला ब्रुकलिनच्या हाताखालच्या माँट्रियल संघातर्फे ही सही जाहीर झाली.

रॉबिन्सन तेव्हा कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून महिना ४०० डॉलरवर खेळत होता. रिकीने मोनार्क्सना एक डॉलरही दिला नाही. बाल्टिमोरच्या रॉय कॅम्पानेलासाठी दिला नाही, नेवार्क ईगल्सच्या डॉन न्यूकंबसाठीही नाही. त्याचे उत्तर तयार होते : तुमचे लेखी करार कुठे आहेत? काळ्यांच्या लीगमध्ये बरेच व्यवहार तोंडी शब्दावर चालत. सातबारा नसलेल्या आपल्या माणसाला गायरानातून उठवताना हाच प्रश्न विचारतात.

मोनार्क्सच्या मालकांनी आधी तक्रारीची भाषा केली आणि मग माघार घेतली. घेणे भागच होते. काळी वर्तमानपत्रे आणि काळी जनता या क्षणाची कित्येक वर्षे वाट पाहत होती. पैशांसाठी रॉबिन्सनची वाट अडवली, असा शिक्का कोणाला हवा होता? नेवार्क ईगल्सच्या मालकीण एफा मॅनली यांनी ही कोंडी बरोबर ओळखली होती. बोलावे तर आपल्याच लोकांचे वैरी ठरतो, गप्प बसावे तर लुबाडले जातो. तरी ही बाई बोलत राहिली. पुढे माँटी अर्विनच्या वेळी तिने कायद्याची भाषा केली तेव्हा रिकीने हात काढून घेतला, आणि १९४९ साली न्यूयॉर्क जायंट्सनी ५,००० डॉलर मोजून अर्विनला नेले.

म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर : नाही, उचल फेडली नाही. मग रिकी चोर ठरतो का? इथे घाई करू नये, कारण त्याला चोर म्हणणाऱ्यांत पुढे कोण होते हे पाहणे उद्बोधक आहे. वॉशिंग्टन सेनेटर्सचा मालक क्लार्क ग्रिफिथ मोनार्क्सच्या बाजूने जाहीरपणे उभा राहिला. काळ्यांच्या संघांचे हक्क गोऱ्यांनी मानले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे. वाक्य किती न्यायाचे आहे! याच ग्रिफिथच्या मैदानावर होमस्टेड ग्रेज हा काळ्यांचा बलाढ्य संघ भाड्याने खेळे आणि भाडे ग्रिफिथच्या खिशात जाई. जॉश गिब्सन आणि बक लेनर्ड यांच्यासारखे खेळाडू त्याच्या डोळ्यांसमोर चेंडू मैदानाबाहेर टोलवीत. त्या दोघांना त्याने एकदा कचेरीत बोलावले, नीट वागवले आणि समजावले की तुम्हाला घेतले तर तुमची लीग मोडेल. घेतले नाही. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी वारला. ग्रिफिथच्या संघात पहिला काळा खेळाडू आला तो १९५४ साली.

१९४६ साली गोऱ्या मालकांच्या एका समितीने गुप्त अहवाल केला. त्यातही हीच सभ्य भाषा आहे : निग्रो लीगच्या करारांचा आदर राखला पाहिजे, खेळाडू ओढून नेले तर ती लीग कोसळेल. आणि त्याच अहवालात नोंद आहे की निग्रो लीगच्या सामन्यांना मैदाने भाड्याने देऊन एकट्या यांकीज संघटनेला वर्षाला सुमारे १,००,००० डॉलर सुटतात. काळजी कशाची होती ते या आकड्यात आहे. 'तुमच्याच भल्यासाठी तुम्ही बाहेर राहा,' हे वाक्य मराठीतही आपल्या चांगल्या ओळखीचे आहे.

तेव्हा परिस्थिती अशी : सौजन्य पाळणारा ग्रिफिथ दार बंद ठेवतो आणि सौजन्य मोडणारा रिकी दार उघडतो. यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतील की सौजन्य हे सारे थोतांड, क्रांतीच्या वेळी रीतीभाती पाहू नयेत. मला हे पटत नाही. रिकीने सगळेच सौजन्य मोडले असते तर गोष्ट वेगळी होती. त्याने गोऱ्या मालकाच्या खेळाडूला कधी असा फुकट उचलला नसता. ज्यांच्याशी व्यवहार मोडला तरी कोणी जाब विचारणार नव्हते, तेवढ्यांशीच त्याने तो मोडला. वर्णरेषा मोडणारा हात हिशेबाच्या वहीत मात्र वर्णरेषा सांभाळून होता. हे मला त्याच्या चारित्र्यातले सर्वांत महत्त्वाचे टिपण वाटते, आणि त्याने रॉबिन्सनसाठी जे केले ते यामुळे खोटे ठरत नाही.

सौजन्याचा आणखी एक प्रकार सांगायला हवा. १६ एप्रिल १९४५ रोजी, म्हणजे रिकीच्या भेटीच्या चार महिने आधी, बोस्टन रेड सॉक्सने रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स यांची चाचणी घेतली होती. शहरातल्या एका नगरसेवकाचा दबाव होता, काळ्या पत्रकारांचा रेटा होता, म्हणून घेतली. तिघेही उत्तम खेळले. त्यांच्याकडून अर्ज भरून घेतले. कळवू म्हणाले. कधीच कळवले नाही. या संघाचा मालक टॉम यॉकी दिलदार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या संघात पहिला काळा खेळाडू १९५९ साली आला. वरिष्ठ संघांतला तो शेवटचा संघ.

हे वाचताना मला माझी एक मुलाखत आठवली. तेव्हा मी घड्याळी तासांवर शिकवीत होतो आणि पूर्णवेळ जागेसाठी एका महाविद्यालयात गेलो होतो. "या सर, बसा सर" झाले. बशीसकट कपात चहा आला. माझ्या आजोबांना ज्या गावात चहा वरून ओतून देत, त्या गावापासून हे महाविद्यालय फार लांब नव्हते, त्यामुळे मी भारावलो. प्रबंधाची स्तुती झाली. एक तज्ज्ञ तर म्हणाले की तुमच्यासारख्यांची आम्हाला गरज आहे. "कळवतो" म्हणाले. जागा कोणाला द्यायची ते जाहिरात निघण्याआधीच ठरले होते, हे मला पुढे समजले. त्या दिवशी मला कोणी हिणवले असते तर मी भांडलो तरी असतो. चहाच्या कपाशी कसे भांडणार?

पळवणकर बाळू यांच्या बाबतीत तर कपही नव्हता. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांचा चहा तंबूबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून येई. ते बळी घेत राहिले तशी भांडी बदलली आणि चहा आत आला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. कप देणे सोपे असते. निर्णयाची खुर्ची देताना कारभाऱ्यांचा हात आखडतो.

रिकीपुढे ठेवून पाहावा असा दुसरा कारभारी म्हणजे क्लीव्हलँडचा बिल व्हीक. १९४७ च्या जुलैत त्याला नेवार्कचा लॅरी डोबी हवा होता. त्याने मॅनलीबाईंना गाठले आणि किंमत विचारली. दहा हजार डॉलर, आणि डोबी संघात टिकला तर आणखी पाच हजार, असे ठरले. डोबी गोरा असता तर तुम्ही लाख मोजले असते, हे बाईंनी त्याला तोंडावर ऐकवले. तिचे म्हणणे खरे होते आणि व्हीकने दिलेली रक्कम तुटपुंजी होती. तरी त्याने एक गोष्ट मान्य केली : समोर बसलेली व्यक्ती मालक आहे, तिच्याशी सौदा करावा लागतो. दार उघडायचे तर समोरच्याला लुबाडावेच लागते, हा रिकीच्या समर्थकांचा युक्तिवाद रॉबिन्सन मैदानात उतरल्यावर तीन महिन्यांच्या आतच असा निकाली निघाला. ५ जुलैला डोबी मैदानात उतरला. काही सहकाऱ्यांनी हस्तांदोलन नाकारले. पुढे १९७८ साली याच व्हीकने शिकागोत त्याला व्यवस्थापक नेमले.

मात्र व्हीकचे पंधरा हजारही ईगल्सना वाचवू शकले नाहीत. १९४६ साली निग्रो लीगचे अजिंक्यपद जिंकलेल्या या संघाचे प्रेक्षक पुढच्याच वर्षी निम्म्यावर आले. लोक रॉबिन्सनला पाहायला ब्रुकलिनला जाऊ लागले. १९४८ नंतर मॅनलींनी संघ विकला आणि निग्रो नॅशनल लीग बंद पडली. खेळाडू आत गेले. पंच, बसचालक, प्रशिक्षक, मालक बाहेरच राहिले. खुद्द रॉबिन्सनने १९४८ साली 'एबनी' मासिकात लेख लिहून निग्रो लीगच्या ढिसाळपणावर टीका केली आणि मॅनलीबाईंनी त्याला जाहीर उत्तर दिले. दोघेही आपल्या जागी खरे होते. भिकार बसमधून रात्र रात्र प्रवास करणाऱ्याने त्या बसचे गुणगान का करावे? आणि ती बस स्वतःच्या पैशाने चालवणाऱ्या बाईने अपमान का गिळावा? आपल्या वस्तीतले वाचनालय आम्ही शिकलेल्या पोरांनी नोकऱ्या धरल्यानंतर बंद पडले, त्याचे कुलूप मी दर दिवाळीला पाहतो. त्यामुळे या भांडणात मला बाजू घेता येत नाही.

रिकीच्या हेतूंबद्दल बरेच लिहिले गेले आहे. तरुणपणी तो ओहायो वेस्लियन महाविद्यालयाच्या संघाचा प्रशिक्षक होता. चार्ल्स थॉमस या काळ्या खेळाडूला एका हॉटेलने खोली नाकारली, रिकीने त्याला स्वतःच्या खोलीत झोपवले, आणि रात्री तो मुलगा कातडी सोलून काढावी तसा हात चोळत रडला, ही गोष्ट रिकी आयुष्यभर सांगत असे. ती खरी असावी, सांगता सांगता थोडी वाढलीही असावी. पण त्या रात्रीनंतर रॉबिन्सनपर्यंत चाळीस वर्षे गेली. मधला बराच काळ तो सेंट लुईसला होता आणि तिथल्या मैदानावर काळ्या प्रेक्षकांना १९४४ पर्यंत वेगळे बसवले जात होते. १९४५ साली न्यूयॉर्क राज्यात नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, काळी व साम्यवादी वर्तमानपत्रे दार ठोठावीत होती, जुना सर्वाधिकारी लँडिस वारला होता आणि काळा प्रेक्षक पैसा आणणार हे उघड दिसत होते. हेतू मोजायची पट्टी माझ्याकडे नाही. मालकांच्या विरोधाला न जुमानता त्याने सही घेतली आणि रॉबिन्सनच्या पाठीशी तो ठाम राहिला, हे कृत्य मोजता येते. मोनार्क्सचे न दिलेले पैसेही मोजता येतात. रॉबिन्सनने त्याच्याविषयी अखेरपर्यंत कृतज्ञता ठेवली. ती त्याची होती आणि आपण ती काढून घेऊ नये. मात्र रॉबिन्सनची कृतज्ञता म्हणजे मॅनलींची पावती नव्हे.

रिकीच्याच तालमीत वाढलेला अल कॅम्पानिस याचे उदाहरण जाता जाता सांगतो. १९४६ साली माँट्रियलला तो रॉबिन्सनच्या खांद्याला खांदा लावून खेळला होता, त्याला शिव्या देणाऱ्यांवर धावून गेला होता. पुढे तो डॉजर्सचा मुख्य कारभारी झाला. ६ एप्रिल १९८७ रोजी रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या चाळिशीनिमित्त दूरदर्शनवर त्याला विचारले, काळे व्यवस्थापक इतके कमी का? कारभार चालवायला लागणारे काहीतरी त्यांच्यात कमी असावे, अशा अर्थाचे तो बोलून गेला. दोन दिवसांत त्याला पद सोडावे लागले. त्याला ओळखणाऱ्या अनेक काळ्या खेळाडूंनी सांगितले की तो वागायला चांगला होता. असेल. रॉबिन्सनने मरणाआधी नऊ दिवस, १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, भर मैदानात हेच मागितले होते की एखादा काळा माणूस संघ चालवताना दिसावा. पहिला काळा व्यवस्थापक मैदानावर आला तो १९७५ साली.

कूपर्सटाउनला बेसबॉलचे सन्मानगृह आहे. क्लार्क ग्रिफिथची पाटी तिथे १९४६ साली लागली, रिकीची १९६७ साली, टॉम यॉकीची १९८० साली, व्हीकची १९९१ साली. बोस्टनमधल्या मैदानासमोरच्या रस्त्याला यॉकीचे नाव होते, ते २०१८ साली काढून जुने नाव परत दिले. सन्मानगृहातली पाटी कायम आहे. निग्रो लीगला वरिष्ठ स्पर्धेचा दर्जा २०२० च्या डिसेंबरात मिळाला. रिकीने ज्यांना पैसे दिले नव्हते ते मोनार्क्सचे मालक विल्किन्सन आणि ईगल्सच्या एफा मॅनली यांना सन्मानगृहात २००६ साली घेतले. तिथे घेतलेली ती पहिली स्त्री. बीडच्या त्या विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा त्याने तारीख वहीत लिहून घेतली आणि विचारले, "तोपर्यंत ती बाई जिवंत होती का, सर?" नव्हती. १९८१ सालीच गेली होती.